चित्रफीत का अडखळते? : जुन्या संगणकावरील दोष आणि कारणशोधाची रीत

आपल्या शाळेच्या संगणक कक्षात आजमितीस बारा संगणक आहेत. त्यांपैकी नऊ संगणक माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कार्यालयांतून, वापरातून बाद झालेले परंतु चालू स्थितीतील, मिळवून दिले आहेत. त्यांवर विंडोज ७ ही जुनी कार्यप्रणाली आहे. निवासी शाळेत मुलांजवळ मोबाईल नसतो. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडमागचा धडा असो, प्रयोगाचे प्रात्यक्षिक असो वा शिष्यवृत्ती परीक्षेच्या गणिताचे स्पष्टीकरण असो, ते पाहण्याची आमच्या मुलांची एकमेव जागा म्हणजे हा कक्ष.

या संगणकांवर चित्रफीत लावली की आवाज पुढे जाई आणि चित्र मागे राही. फळ्यावर लिहिणारा हात मध्येच थबके, मग एकदम चार ओळी पुढे दिसे. कधी पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळे. कधी चित्राच्या जागी निव्वळ हिरवा रंग पसरे. ‘इंटरनेट कमी आहे’ असे म्हणून आम्ही सर्वांनीच या प्रकारावर बरेच दिवस पांघरूण घातले. पुढे या दोषापायी एका विद्यार्थ्यावर आमच्या हातून अन्याय झाला, तेव्हा त्याच्या मुळाशी जाणे भाग पडले.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. संगणकशास्त्राचे शिक्षण आम्हांस नाही. तथापि घटना केव्हा घडली, तिचा साक्षीदार कोण, कोणता पुरावा मूळचा आणि कोणता ऐकीव, हे प्रश्न विचारण्याची सवय इतिहासाने लावली होती. ती सवय आम्ही वर्गात वापरत होतो, संगणक कक्षात वापरली नव्हती. प्रस्तुत लेखात त्या शोधाची हकीकत आणि त्यातून हाती लागलेली क्रमवार रीत मांडली आहे. ज्यांच्या घरी, अभ्यासिकेत वा समाजमंदिरात असाच एखादा जुना संगणक असेल, त्यांना तिचा उपयोग व्हावा.

चित्रफीत पडद्यावर येते कशी

दोष समजण्यापूर्वी व्यवहार समजला पाहिजे. ७२० या दर्जाच्या चित्रफितीतील प्रत्येक चित्र १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६०० बिंदूंचे असते. सेकंदाला अशी ३० चित्रे दाखवावी लागतात, म्हणजे २,७६,४८,००० बिंदू. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर सेकंदाला सुमारे ८ कोटी २९ लाख बाइट इतकी माहिती होते. एवढा मजकूर इंटरनेटवरून जसाच्या तसा पाठविणे व्यवहार्य नाही. म्हणून चित्रफीत आधी आक्रसून, सांकेतिक रूपात बांधली जाते आणि आपल्या संगणकावर ती उलगडली जाते. बांधण्याच्या व उलगडण्याच्या या पद्धतीस कोडेक म्हणतात.

कोडेक अनेक आहेत आणि प्रत्येकाचा जन्मकाळ वेगळा आहे. एच.२६४ ही पद्धत २००३ ची, व्हीपी९ ही २०१३ ची आणि एव्ही१ ही २०१८ ची. नवी पद्धत कमी माहितीत तेवढेच चांगले चित्र पाठविते, पण उलगडण्यासाठी अधिक गणित करावयास लावते.

हे गणित करण्याचे दोन मार्ग आहेत. संगणकाच्या ग्राफिक्स चिपमध्ये विशिष्ट कोडेक उलगडण्यासाठी स्वतंत्र मंडल असते. ते असेल तर काम झटपट आणि थोड्या श्रमात होते. नसेल तर तेच काम मुख्य प्रोसेसरला करावे लागते. आमच्या नऊ संगणकांत इंटेलचा दुसऱ्या पिढीचा कोअर आय३ प्रोसेसर व त्यातच सामावलेली एचडी ग्राफिक्स २००० ही चिप आहे. ही पिढी २०११ मध्ये बाजारात आली. तिला एच.२६४ वाचता येते. व्हीपी९ वाचता येत नाही, कारण चिप घडली तेव्हा तो कोडेक पूर्णच झालेला नव्हता. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९ पूर्णपणे उलगडण्याची सोय सातव्या पिढीपासून व एव्ही१ ची सोय अकराव्या पिढीपासून आली. देवनागरी उत्तम वाचणाऱ्या कारकुनापुढे मोडीचा कागद ठेवावा, तशी ही अवस्था. कारकून आळशी नसतो, त्याला ती लिपीच कोणी शिकविलेली नसते. मग अक्षर अक्षर लावीत बसण्याचे काम प्रोसेसरकडे येते आणि चित्र मागे पडते.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. कार्यप्रणाली आणि ग्राफिक्स चिप यांची भाषा एक नसते. त्यांच्यामधला दुभाषी म्हणजे ड्रायव्हर नावाची आज्ञावली. दुभाषी गैरहजर असेल, चुकीचा असेल वा अर्धवट ऐकणारा असेल, तर चिप कितीही चांगली असली तरी तिचे ज्ञान वाया जाते. विंडोज ७ ला योग्य ड्रायव्हर न मिळाल्यास ती ‘स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अ‍ॅडॅप्टर’ या नावाने कामचलाऊ व्यवस्था लावते. पडदा दिसतो, पण अक्षरे मोठी व जाडी होतात, पान सरकविताना लाटा उठल्यासारखे दिसते आणि चित्रफितीसाठी चिपची कोणतीच मदत मिळत नाही.

तात्पर्य, चित्र अडखळण्यास निदान चार पक्ष जबाबदार असू शकतात: इंटरनेट, ब्राउझर, ड्रायव्हर आणि चिप. लक्षण एक असले तरी कारण एकच असेल असे नाही.

कार्यप्रणालीचे वय

विंडोज ७ ही २२ ऑक्टोबर २००९ रोजी बाजारात आली. १४ जानेवारी २०२० रोजी तिचा सर्वसाधारण वापरकर्त्यांसाठीचा आधार संपला. पैसे भरून सुरक्षा दुरुस्त्या घेणाऱ्या संस्थांसाठीची मुदतही जानेवारी २०२३ मध्ये संपली. त्याच महिन्यात आलेली क्रोमची १०९ ही आवृत्ती विंडोज ७ वर चालणारी शेवटची ठरली. फेब्रुवारी २०२३ मधील ११० व्या आवृत्तीपासून क्रोमला किमान विंडोज १० लागते. फायरफॉक्सची विंडोज ७ वर चालणारी शेवटची शाखा ११५ ही असून ती जुलै २०२३ मध्ये आली. पुढे तिच्यासाठी केवळ दुरुस्त्या काही काळ चालू ठेवण्यात आल्या.

या तारखा आम्ही कक्षाच्या भिंतीवर लिहून ठेवल्या आहेत. ‘ब्राउझर अपडेट करा’ हा सल्ला विंडोज ७ वर एका मर्यादेपुढे निरर्थक आहे, आणि ती मर्यादा ओलांडून देतो असे सांगणारा कोणीही विश्वासार्ह नाही, हे मुलांना त्यावरून समजते. त्याचप्रमाणे, जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांत चित्रफितीच्या दोषावर ‘फ्लॅश प्लेअर पुन्हा बसवा’ हा उपाय हमखास आढळतो. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. आज त्या नावाने जे काही देऊ केले जाते त्यास हात लावू नये.

घडलेली हकीकत

गतवर्षीच्या पावसाळ्यात चार क्रमांकाच्या संगणकावर चित्रफिती फारच अडखळू लागल्या. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुरू होती. एका सोमवारी सकाळी आम्ही कक्षात गेलो तेव्हा त्या संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे थोराड झाली होती आणि चित्रफीत जवळजवळ चालतच नव्हती. रविवारी सायंकाळी त्या संगणकावर आठवीतील एक मुलगा बसला होता, अशी नोंद होती. त्याला बोलाविले. तो म्हणाला, “सर, मी चालू केला तेव्हाच अक्षरं मोठी दिसत होती.” आम्ही ते ऐकले, पण मानले नाही. शेवटी हात लावणारा तोच, असा सरळ हिशेब करून परिपाठाच्या वेळी सर्वांसमक्ष त्याला समज दिली आणि संगणक कक्षात येण्यास मनाई केली. ती मनाई सतरा दिवस चालली. परीक्षेच्या तयारीतील सतरा दिवस म्हणजे किती, हे पालकांना वेगळे सांगावयास नको.

अठराव्या दिवशी आमचा एक माजी विद्यार्थी शाळेत आला. पुण्यात तो संगणक दुरुस्तीचे काम करतो. संगणकाची कथा आणि त्या मुलाचे ‘प्रताप’ आम्ही त्याला ऐकविले. तो शांतपणे म्हणाला, “सर, कोणी बिघडवला ते नंतर पाहू. कधी बिघडला ते आधी पाहू.” इतिहासाच्या पहिल्या तासाला आम्ही मुलांना जे शिकवितो, तेच आमच्या विद्यार्थ्याने आम्हांस परत केले होते.

पुराव्यांची तपासणी

त्याने प्रथम ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडला. स्टार्ट मेनूतील शोधाच्या चौकटीत हे नाव टाइप केले की तो सापडतो. त्यात ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ या ओळीखाली इंटेलच्या चिपचे नाव होते, पण त्यावर पिवळा त्रिकोण व उद्गारचिन्ह होते. नावावर दोनदा क्लिक केल्यावर ‘कोड ५२’ असा मजकूर दिसला. ड्रायव्हरच्या डिजिटल स्वाक्षरीची खातरजमा विंडोजला करता आली नाही, असा त्याचा अर्थ. थोडक्यात, दुभाष्याच्या ओळखपत्रावरील शिक्का दारावरच्या पहारेकऱ्याला ओळखता आला नाही आणि त्याने त्याला आत सोडले नाही. चौसष्ट बिटच्या विंडोज ७ मध्ये हा पहारा सक्तीचा असतो.

शिक्का का ओळखता आला नाही? ड्रायव्हरवरील स्वाक्षरी एसएचए-२ या नव्या पद्धतीची होती. ती ओळखण्याची क्षमता विंडोज ७ मध्ये मार्च २०१५ मध्ये दिलेल्या दुरुस्तीने आली. आमच्या संगणकावर ती दुरुस्ती नव्हती, कारण इंटरनेटचा डेटा वाचावा म्हणून आम्हीच स्वयंचलित अपडेट बंद करून ठेवले होते.

मग त्याने दुसरा पुरावा काढला. शोधाच्या चौकटीत ‘रिलायबिलिटी’ हा शब्द लिहिल्यावर ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असा पर्याय येतो. संगणकावर कोणत्या दिवशी काय बसविले गेले, काय कोसळले, वीज जाऊन संगणक अवेळी केव्हा बंद पडला, यांचा दिनांकवार तक्ता तेथे असतो. विंडोज ७ ही बखर स्वतःच लिहून ठेवते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. रविवारच्या रकान्यात काहीही बसविल्याची नोंद नव्हती. शुक्रवारच्या रकान्यात ड्रायव्हर बसविल्याची नोंद होती. शुक्रवारी दुपारी त्या संगणकावर आम्ही स्वतः बसलो होतो.

आता सर्व आठवले. चित्रफिती अडखळतात म्हणून आम्ही ‘सर्व ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करतो’ असे सांगणारी एक फुकट आज्ञावली कोठूनतरी उतरवून घेतली होती. ती चालू असताना प्रकाशकाची खात्री पटत नाही असा लाल पट्टीचा इशारा आला. आम्ही ‘तरीही बसवा’ हा पर्याय निवडला. शेवटी संगणक पुन्हा सुरू करावा लागेल असे विचारले गेले, तेव्हा तास संपल्याची घंटा झाल्यामुळे ‘नंतर’ म्हटले आणि निघून गेलो. रात्री कोणीतरी नेहमीप्रमाणे संगणक बंद केला. शनिवारी कक्ष उघडलाच नाही. रविवारी सायंकाळी तो प्रथम चालू केला त्या मुलाने. नवा ड्रायव्हर लागू होण्याची आणि अडविला जाण्याची वेळ नेमकी ती होती. बिघाड पाहणारा पहिला साक्षीदार आम्ही आरोपी ठरविला होता, आणि त्याची साक्ष अक्षरशः खरी होती.

दुरुस्तीस पाच मिनिटे लागली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच चिपच्या ‘ड्रायव्हर’ या पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असे बटण असते. ते दाबल्यावर पूर्वीचा ड्रायव्हर परत आला, संगणक पुन्हा सुरू केला आणि अक्षरे मूळ आकारात आली. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी, जेथे समज दिली होती तेथेच उभे राहून, आम्ही त्या मुलाची सर्वांसमक्ष माफी मागितली. तो एवढेच म्हणाला, “सर, मी तेव्हाच सांगितलं होतं.” त्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

दुसरे कारण

ड्रायव्हर परत आला, पण चित्रफीत पूर्वीइतकीच अडखळत राहिली. हे स्वाभाविक होते. ज्या दोषासाठी आम्ही शुक्रवारचा उपद्व्याप केला तो मूळ दोष तेथेच होता, आम्ही त्यावर दुसऱ्याची भर घातली होती. एक कारण सापडले की शोध थांबविण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो.

मूळ दोषासाठी यूट्यूबवरील चित्रफितीवर उजवे क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ हा पर्याय उघडला. त्यातील दोन ओळी वाचाव्यात. ‘कोडेक्स’ या ओळीत ‘व्हीपी०९’ असे असेल तर व्हीपी९, ‘एव्ही०१’ असेल तर एव्ही१ आणि ‘एव्हीसी१’ असेल तर एच.२६४ वापरला जात आहे असे समजावे. फ्रेम्सच्या ओळीत ‘ड्रॉप्ड’ या शब्दाजवळचा आकडा म्हणजे वेळेत न उलगडल्यामुळे टाकून दिलेली चित्रे. आमच्याकडे कोडेक व्हीपी९ होता आणि टाकलेल्या चित्रांचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जवळजवळ पूर्ण व्यापलेला दिसत होता. इंटरनेटचा दोष असता तर चित्रफीत थांबून चक्र फिरत राहिले असते आणि प्रोसेसर निवांत असता. इंटरनेटवर आम्ही इतके दिवस ठेवलेला आरोपही असा खोटा ठरला.

उपाय दोन केले. पहिला, चित्राचा दर्जा उतरविला. आमचे पडदे १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचे आहेत. त्यांवर १०८० दर्जाची चित्रफीत लावणे म्हणजे ७२० च्या सव्वादोन पट बिंदू उलगडून शेवटी ते पुन्हा लहान करून दाखविणे. फळ्यावरील गणित ४८० वरही नीट वाचता येते. दुसरा, ब्राउझरमध्ये ‘एच२६४इफाय’ हे छोटे विस्तारक बसविले. ते यूट्यूबला एच.२६४ मधील प्रत मागावयास लावते. आता कागद चिपला येणाऱ्या लिपीत येऊ लागला. ड्रायव्हर जागेवर असल्याने चिपही कामास लागली, आणि त्या दिवशी अपूर्णांकांचा संपूर्ण धडा मुलांनी न अडखळता पाहिला.

तपासणीचा क्रम

या अनुभवानंतर आम्ही पुढील क्रम ठरविला आहे. क्रम मोडू नये, आणि एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला हे कळत नाही.

१) घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग सुरक्षित संकेतस्थळे उघडतच नाहीत आणि दोष चित्रफितीचा वाटतो. बॅटरी बदलून तारीख दुरुस्त करावी.

२) लक्षण नेमक्या शब्दांत लिहावे. ‘चालत नाही’ असे लिहू नये. आवाज येतो का, पडदा काळा की हिरवा, एकाच संकेतस्थळावर की सर्वत्र, कोणत्या दिवसापासून, हे लिहावे.

३) संगणकात साठविलेली एखादी चित्रफीत व्हीएलसी प्लेअरमध्ये लावून पाहावी. तीही अडखळली तर ब्राउझर व इंटरनेट निर्दोष असून शोध ड्रायव्हरकडे न्यावा. ती सुरळीत चालली तर ब्राउझर, कोडेक वा जोडणी यांच्याकडे पाहावे.

४) डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपचे नाव वाचावे. ‘स्टँडर्ड व्हीजीए’ दिसल्यास ड्रायव्हर नाही. पिवळा त्रिकोण दिसल्यास त्याचा कोड लिहून घ्यावा.

५) ड्रायव्हरच्या तारखेवर आंधळा विश्वास ठेवू नये. विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरांवर बहुधा २१ जून २००६ हीच तारीख असते. ती त्यांच्या निर्मितीची खरी तारीख नव्हे. चिप बनविणाऱ्याचा ड्रायव्हर उपलब्ध असेल तर तोच नवा ठरून निवडला जावा, म्हणून ही तारीख जाणूनबुजून जुनी ठेवलेली आहे. कागदावरील मिती आणि कागदाचे खरे वय यांत अंतर असू शकते, हे इतिहासाच्या अभ्यासकास नवे नाही. ही तारीख दिसली तर ‘हा विंडोजचा स्वतःचा कामचलाऊ ड्रायव्हर आहे’ एवढाच अर्थ घ्यावा.

६) ब्राउझरच्या सेटिंगमधील ‘हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन’ हा पर्याय बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. असे केल्यावर हिरवा वा काळा पडदा नाहीसा झाला तर दोष ड्रायव्हरच्या बाजूचा आहे, कारण या पर्यायामुळेच ब्राउझर चिपची मदत घेतो. मात्र पर्याय बंद ठेवल्यास सर्व भार प्रोसेसरवर येतो. म्हणून ही चाचणी समजावी, कायमचा उपाय समजू नये.

७) ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबविले व तो पूर्ववत झाला’ अशा अर्थाचा संदेश आल्यास, चिपने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे साधारण दोन सेकंदांत, उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला असे समजावे. पडदा क्षणभर काळा होतो तो याचसाठी. वारंवार होत असल्यास आधी संगणक उघडून पंख्यावरची धूळ काढावी, कारण उष्णतेनेही असे घडते. त्यानंतर ड्रायव्हरकडे वळावे.

८) स्टॅट्स फॉर नर्ड्समध्ये कोडेक वाचून दर्जा व कोडेक बदलावा.

९) रॅम पाहावी. दोन जीबी रॅमवर आजचा ब्राउझर व दोन-तीन पाने उघडली की संगणक हार्ड डिस्कवर विसंबतो आणि सर्वच मंदावते. रॅम चार जीबी केल्यावर आमच्याकडे उघड फरक पडला.

१०) ड्रायव्हर बदलावाच लागला तर संगणकाच्या वा चिपच्या निर्मात्याचाच घ्यावा, बत्तीस की चौसष्ट बिट ते पाहून घ्यावा, आणि त्याआधी ‘सिस्टिम रिस्टोअर’ची खूण करून ठेवावी. चालणाऱ्या ड्रायव्हरची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर जपून ठेवावी. निर्मातेही जुन्या फाइली कालांतराने काढून टाकतात.

मर्यादा आणि पुढची वाट

एवढे करूनही विंडोज ७ सुरक्षित होत नाही, हे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. आधार संपलेल्या प्रणालीत नव्याने सापडणारी भगदाडे बुजविली जात नाहीत. म्हणून अशा संगणकावर बँकेचे व्यवहार करू नयेत, आधार कार्ड वा जातीचा दाखला चढवू नये, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरू नयेत. आमच्या कक्षातील नऊ संगणक आता केवळ धडे पाहण्यासाठी आहेत. अर्जांसाठी वेगळा संगणक आहे.

विंडोज ११ या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. इंटेलच्या बाबतीत तिला साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे आज विंडोज ७ विषयी जे लिहिले तेच उद्या आणखी कित्येक संगणकांना लागू पडणार. अशा वेळी लिनक्सचा मार्ग खुला आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती जुन्या संगणकांना मानवते. इंटेलच्या जुन्या चिपचे ड्रायव्हर तिच्यासोबतच येतात आणि ब्राउझर अद्ययावत मिळतो. हार्ड डिस्कला हात न लावता ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. दोन संगणकांवर आम्ही हा प्रयोग केला आहे. मुले दोन दिवसांत रुळली. शिक्षकांना थोडा अधिक वेळ लागला.

प्रत्येक संगणकाजवळ आता एक नोंदवही आहे. काय बदलले, कोणी, कोणत्या तारखेस, का, असे चार रकाने. ‘कोणी’ या रकान्यात शिक्षकांचीही नावे येतात. कोणत्याही बिघाडाबद्दल विद्यार्थ्यास विचारण्यापूर्वी ही वही आणि रिलायबिलिटी हिस्टरी पाहिली जाते, असा नियम केला आहे. तो सतरा दिवसांच्या किमतीत मिळालेला आहे, म्हणून मोडला जाणार नाही.

माजी विद्यार्थ्यांस विनंती. आपण कार्यालयातून संगणक मिळवून देता, त्यामुळेच हा कक्ष उभा आहे. यापुढे देताना सोबत एका कागदावर प्रोसेसरची पिढी, रॅम, चिपचे नाव, बत्तीस की चौसष्ट बिट एवढे लिहून द्यावे. शक्य असल्यास मूळ ड्रायव्हरची फाइल पेन ड्राइव्हवर द्यावी. जुनी माहिती डिस्कवरून पुसून द्यावी. आणि वर्षातून एकदा, एखाद्या रविवारी, स्वतः येऊन मुलांसोबत एक संगणक उघडून बसावे. आमच्या त्या विद्यार्थ्याने पाच मिनिटांत दुरुस्ती केली, पण ती करताना चार मुलांना जवळ उभे करून प्रत्येक पायरी दाखविली. त्यानंतर आजवर कक्षातील सहा दोष मुलांनीच शोधून काढले. नोंदवहीतील अलीकडच्या बऱ्याच नोंदी ज्या हस्ताक्षरात आहेत, ते हस्ताक्षर त्या सतरा दिवसांच्या मुलाचे आहे.